मोहालीची चिप, पवईची मेमरी

मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी, म्हणजेच एससीएल, ही केंद्र सरकारच्या मालकीची चिप घडवणारी प्रयोगशाळा. तेथे 8 इंची सिलिकॉन वेफरवर 180 नॅनोमीटर तंत्राने चिप तयार होतात. मोबाइल उद्योगाने हे तंत्र पंचवीसएक वर्षांपूर्वी वापरले आणि मागे टाकले. अग्निबाण आणि क्षेपणास्त्रांच्या कामात मात्र हे जुनेपण फारसे आड येत नाही.

क्षेपणास्त्रातली चिप उणे 55 ते 125 अंश सेल्सिअसपर्यंत चालली पाहिजे आणि उड्डाणाचे हादरे तिने सोसले पाहिजेत. शिवाय क्षेपणास्त्र वर्षानुवर्षे कोठारात राहते, तर बाजारातली चिप काही वर्षांतच बंद होते. मागणीही तुटपुंजी. अमेरिकेच्या एका जॅव्हलिन क्षेपणास्त्रात दोनशेहून अधिक चिप लागतात असे सांगतात, तरीही एखाद्या मोबाइल कंपनीच्या खरेदीपुढे हा सौदा किरकोळच. खाजगी कारखान्याला असल्या गिऱ्हाइकात रस नसतो. गंमत अशी, की 1960 च्या दशकात चित्र नेमके उलटे होते. बाल्यावस्थेतल्या चिप उद्योगाला तेव्हा अमेरिकेच्या मिनिटमन-2 क्षेपणास्त्रानेच मोठे गिऱ्हाईक मिळवून दिले.

एससीएलचे उत्पादन 1984 मध्ये 5 मायक्रॉन तंत्राने सुरू झाले. 1987 मध्ये जी-7 राष्ट्रांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर निर्यातबंदीची चौकट उभी केली. 1989 च्या फेब्रुवारीत मोहालीच्या कारखान्याला आग लागली, आणि त्याच वर्षी 22 मे रोजी ‘अग्नी’ने पहिले उड्डाण केले. देशी चिपची गरज वाढत होती आणि ती बनवणारा कारखानाच बंद पडला होता. फेरउभारणीत वर्षे गेली. 2006 मध्ये संस्था अंतराळ विभागाकडे गेली. पुढे इस्रायलच्या टॉवर कंपनीकडून 180 नॅनोमीटरचे तंत्र आले. आता संस्था इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे आहे. तेथेच घडलेला 32 बिटांचा ‘विक्रम 3201’ हा प्रोसेसर इस्रोच्या अग्निबाणांसाठी आहे.

या कारखान्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा पवईचा. आयआयटी मुंबईत प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने एकदाच लिहिता येणारी मेमरी विकसित केली. 2021 मध्ये ती एससीएलच्या 180 नॅनोमीटर उत्पादनात दाखल झाली. सिलिकॉन डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर हा तिचा गाभा. मुळात हा थर वीज अडवतो. ठरावीक व्होल्टेज दिले की तो कायमचा फुटतो आणि तेथून वीज वाहू लागते. न फुटलेला थर म्हणजे शून्य, फुटलेला म्हणजे एक. वीज गेली तरी हा लेख पुसला जात नाही. प्रचलित पद्धतीत थर फोडायला चढ्या व्होल्टेजची वेगळी सोय चिपवर करावी लागते. पवईच्या रचनेत ती लागत नाही, त्यामुळे जागा आणि वीज दोन्ही वाचतात.

हिचा पहिला उपयोग ‘ट्रिमिंग’चा. एकाच वेफरवरच्या दोन चिपही तंतोतंत सारख्या निघत नाहीत. प्रत्येकीची चूक मोजून दुरुस्तीचा आकडा तिच्याच मेमरीत नोंदवून ठेवतात. संवेदक जितका नाजूक, तितकी ही नोंद मोलाची. प्रवेग मोजणाऱ्या उपकरणात गुरुत्वीय प्रवेगाच्या एक सहस्रांश एवढी कायम चूक राहिली, आणि वाटेत ती कशानेच सुधारली नाही, तर पाच मिनिटांत क्षेपणास्त्राच्या स्थानाचा हिशेब सुमारे 440 मीटरने चुकतो. हार्डवेअरमधल्या गुप्तलेखनासाठीही हे तंत्र वापरण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि त्यात संरक्षण संशोधन करणारी डीआरडीओ ही सरकारी संस्था सहभागी झाली.

सगळी गरज सिलिकॉनवर भागत नाही. लक्ष्य शोधणाऱ्या रडारच्या चिपसाठी गॅलियम आर्सेनाइड आणि गॅलियम नायट्राइड लागते. त्यासाठी हैदराबादला ‘गेटेक’ हे डीआरडीओचे केंद्र आहे. उष्णतेचे चित्र टिपणाऱ्या अवरक्त संवेदकांचे पदार्थ आणखी वेगळे, आणि ते बनवणे अवघड.

मोठ्या व्यापारी कारखान्याची आशा महाराष्ट्राने तळेगावात धरली होती. वेदांत-फॉक्सकॉनने 2022 मध्ये गुजरात निवडले आणि पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. आता टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा कारखाना गुजरातेतच धोलेऱ्याला उभा राहतो आहे. 28 नॅनोमीटर आणि त्याहून जाड रेषांच्या तिथल्या चिप प्रामुख्याने मोटारी आणि घरगुती उपकरणांसारख्या मोठ्या बाजारासाठी आहेत; संरक्षण खात्याच्या किरकोळ मागण्यांसाठी मोहालीसारखा सरकारी कारखाना तरीही लागणारच.