शेवटचा खंड कोणाचा असतो?

आज आपण एका जपानी चित्रकथेच्या शेवटच्या खंडाविषयी बोलणार आहोत. सातारा-सांगलीत बसून जपानचं कशाला, असं काहींना वाटेल. पण नाटकाच्या या मुलखातून ती कथा जास्त नीट कळते, असं आम्हाला वाटतं.

जपानी चित्रकथेला मांगा म्हणतात. केइको ताकेमिया या लेखिकेची ‘काझे तो कि नो उता’, म्हणजे ‘वारा आणि झाडांचं गाणं’, ही मांगा १९७६ साली मुलींच्या एका नियतकालिकात सुरू झाली आणि १९८४ साली संपली. एकूण १७ खंड. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, ठिकाण फ्रान्समधली एक निवासी शाळा, आणि गोष्ट सर्ज आणि जिल्बेर या दोन मुलांच्या प्रेमाची. संपादक तयार होईनात, म्हणून लेखिकेला काही वर्षं थांबावं लागलं. पण छापून आल्यावर वाचक मिळाले, आणि ते मुख्यतः मुली. पुढे ‘बॉईज लव्ह’ नावाचा जो प्रकार वाढला, त्याच्या मुळाशी ही कथा धरतात.

आता शेवट बघा. दोघं पॅरिसला पळून जातात. सर्ज राबतो, पण पैसा पुरत नाही. जिल्बेर लहानपणापासून घरच्याच माणसाच्या छळात वाढलेला. तो अफूच्या आहारी जातो आणि भ्रमाच्या भरात धावत्या घोडागाडीखाली सापडून मरतो.

मग लेखिकेने प्रेमाला शिक्षा दिली का? आम्हाला तसं वाटत नाही. जिल्बेरला मारतं ते प्रेम नव्हे. छळ, गरिबी आणि कुठेच थारा न मिळणं, हे त्याला मारतं. आणि मुळात ही सगळी कथा सर्जच्या आठवणीतून आलेली आहे. शेवटचा खंड मेलेल्याचा नसतो, मागे उरलेल्याचा असतो. सर्ज पुन्हा पियानोकडे वळतो.

आपल्याकडे काय होतं? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सीताही पुरुषच होता. पुढे बालगंधर्व आले. त्यांचं नागठाणे पलूस तालुक्यातलं, साताऱ्याजवळचं नव्हे. त्यांच्या भामिनीचं आणि धैर्यधराचं प्रेम बघायला लोक गर्दी करायचे. रंगमंचावर दोन पुरुषच प्रेम करत होते, पण एकाच्या अंगावर शालू होता, म्हणून कुणाला खटकलं नाही. मांगाने तो शालू काढून ठेवला, एवढंच.

मराठीत तो आडपडदा विजय तेंडुलकरांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’मध्ये दूर केला. ती दोन मुलींची गोष्ट, काळ स्वातंत्र्यापूर्वीचा. तिथेही शेवटी मित्रा जीव देते, आणि तिची गोष्ट सांगतो तो तिचा मित्र बापू. म्हणजे पुन्हा मागे उरलेलाच. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो, आणि मागे राहिलेली ती दोघं आपापली बाजू सांगतात. मरण हाच अशा गोष्टींचा नियम नाही, हे तिथे दिसतं.

हे आज का सांगायचं? सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. कायदा बदलला, घर आणि गल्ली बदलायला वेळ लागतो. आपल्या गावातलं एखादं मूल अशी पुस्तकं मोबाईलवर गुपचूप वाचत असेल, आणि शेवट वाचून आपलंही असंच होणार, असं धरून बसेल. तो गैरसमज घालवणं आपल्या हातात आहे.

म्हणून आमची एकच विनंती. शेवटचा खंड मिटल्यावर कोण मेलं एवढंच विचारू नका. त्या वेळी जवळ कोण होतं आणि त्यांनी काय केलं, हेही विचारा. सर्ज जवळ होता, पण तो एकटा पडला. आपल्या आसपासच्या कुणाला तसं एकटं पडावं लागू नये.

आता प्रश्न घेऊ.