नववीच्या वर्गातलं ‘टेन्शन’

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या काही सरकारी माध्यमिक शाळांमध्ये २०१५ साली एक पेटी आली. मनात काही खुपत असेल तर मुलांनी ते चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. नाव घालायलाच हवं असं नाही. चिठ्ठ्या वाचणारा माणूस मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. त्याच भागातला पदवीधर तरुण किंवा तरुणी, थोडं प्रशिक्षण घेऊन शाळेत आलेली. त्याचं नाव ‘सेहेर मित्र’. सेहेर म्हणजे उर्दूतली पहाट.

हा मित्र परिपाठाला एखादा विषय घेऊन बोलायचा, मुलांकडून भित्तिपत्रिका करून घ्यायचा, चिठ्ठ्यांमधले प्रश्न शाळेच्या समितीपुढे मांडायचा आणि ज्याला एकट्याने बोलायचं असेल त्याच्याशी बाजूला बसून बोलायचा. एवढंच. औषध नाही, निदान नाही, ‘मानसिक आजार’ हा शब्दही क्वचितच.

या प्रयोगाची खरी गंमत त्याच्या आखणीत आहे. ७५ शाळा सोडत काढावी तशा तीन गटांत वाटल्या. एका गटात हे काम बाहेरून आलेल्या मित्राने केलं, दुसऱ्यात तेच काम शाळेतल्याच शिक्षकाने केलं आणि तिसऱ्यात सरकारचा नेहमीचा जीवनकौशल्यांचा कार्यक्रम तेवढा चालू ठेवला. नववीची सुमारे तेरा हजार मुलं त्यात होती. आठ महिन्यांनी मोजमाप झालं आणि २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. मित्र असलेल्या शाळांत मुलांना शाळा आपली वाटू लागली होती. उदासपणाची लक्षणं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या होत्या. शिक्षकांच्या गटात मात्र काहीच फरक पडला नाही. काम तेच, कार्यक्रम तोच, माणूस तेवढा वेगळा. ज्याच्या हातात आपले गुण आहेत त्याच्यापुढे मन उघडं कोण करणार? शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही; जनगणनेपासून खिचडीपर्यंत सगळं त्यांच्याच माथी असतं.

वय नववीचंच का, यालाही कारण आहे. जगभरातल्या १९२ अभ्यासांची एकत्र मांडणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. मानसिक आजार सुरू होण्याचं सर्वांत गर्दीचं वय तीत निघालं साडेचौदा वर्षं. ज्यांना आयुष्यात असा आजार होतो, त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा तो अठराच्या आतच सुरू झालेला असतो. हृदयरोग, मधुमेह हे उतारवयाचे पाहुणे. हा पाहुणा मिसरूड फुटायच्या सुमारास येतो. नेमक्या त्याच वयात डॉक्टरकडे जायला मूल सर्वांत कमी राजी असतं. चिडचिड, झोप उडणं, अभ्यासातून लक्ष जाणं याला घरात ‘वयच तसं आहे’ म्हणतात आणि पुष्कळदा ते खरंही असतं, ही त्यातली पंचाईत.

आपल्याकडे २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या ‘निमहान्स’ने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांतल्या या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं, महानगरांत त्याच्या जवळपास दुप्पट. सर्व वयांचा मिळून विचार केला, तर आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात हे होणारच, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण युनिसेफने २०२१ साली वेगळाच प्रश्न विचारला: मनाचा त्रास असेल तर दुसऱ्याची मदत घेणं चांगलं का? एकवीस देशांतल्या १५ ते २४ वयाच्या सरासरी ८३ टक्के मुलामुलींनी हो म्हटलं. भारतात ४१ टक्क्यांनी. म्हणजे दवाखाना कोपऱ्यावर आणून ठेवला तरी निम्म्याहून अधिक जण पायरी चढणार नाहीत.

का, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपण आख्ख्या गावांची नावं शिव्यांसारखी वापरतो. पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’, मुंबईत ‘ठाण्याला पाठवा’, कोकणात ‘रत्नागिरीला न्यायला हवं’. या तिन्ही ठिकाणी आणि नागपुरात सरकारी मनोरुग्णालयं आहेत. ठाण्याचं १९०१ पासूनचं. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णींनी मानसिक आरोग्यासाठी आयपीएच ही संस्था उभी केली. ज्या गावाचं नाव काढलं की लोक हसत, तिथेच माणसं आपल्या पायांनी समुपदेशनाला येऊ लागली, हे मला कमी नवलाचं वाटत नाही.

ही लाज किती पातळ असू शकते, याचा पुरावा दिल्लीत मिळाला. गोव्यात पर्वरीला ‘संगत’ नावाची संस्था आहे, १९९६ पासूनची. मुंबईत वाढलेले डॉ. विक्रम पटेल तिचे एक संस्थापक. साध्या माणसांना शिकवून समुपदेशक करायचं, ही तिची रीत. नालंदातल्या प्रयोगामागेही तीच होती. दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत २०१८ मध्ये तिने नववी ते बारावीच्या मुलांसाठी समुपदेशन सुरू केलं. मुलं ज्याला ‘टेन्शन’ म्हणतात, तोच शब्द धरला. अडचण कोणती, पर्याय कोणते, त्यातला एक करून बघ, अशा तीन पायऱ्या. सोबत चित्रकथांच्या पुस्तिका. काही वर्गांत समुपदेशकाने आत येऊन एक चित्रफीत दाखवली आणि मुलांशी गप्पा मारल्या. बाकीच्या वर्गांसाठी शाळाभर लावलेली माहितीच काय ती होती. तिथे शंभरातल्या दीड मुलाने मदत मागितली. चित्रफीत पाहिलेल्या वर्गांत जवळजवळ बावीस जणांनी, आणि त्यातले बहुतेक सगळे स्वतःहून आले, कुणी पाठवलं म्हणून नव्हे.

शाळा तीच, समुपदेशक तोच. एका सत्राने दीडाचे बावीस केले.

मागणी अशी वाढू लागली की पुढचा प्रश्न उभा राहतो: पुरवायचं कुणी? ऑस्ट्रेलियात २००६ पासून १२ ते २५ वयाच्या मुलांसाठी ‘हेडस्पेस’ ही केंद्रं उभी राहिली; आज ती दीडशेच्या वर आहेत आणि ताटकळत बसणं हीच तिथली मोठी तक्रार आहे. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही फोनसेवा सुरू केली; दोन वर्षं पुरी व्हायच्या आत दहा लाखांवर फोन आले. दुसऱ्या बाजूला २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगून टाकलं, की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा.

तेव्हा पुढच्या पालकसभेत गणिताच्या गुणांबरोबर एवढंही विचारा: आपल्या शाळेत समुपदेशक कोण, ते आठवड्यातून किती तास असतात, आणि त्यांच्याकडे जाताना वर्गशिक्षकांची परवानगी लागते का? टेली-मानसचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, तो रात्रंदिवस चालू असतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.