सार्वदेहिक उन्मादी पक्षाघात

उपदंश (गरमी) या रोगाच्या जंतूंमुळे मेंदूचा चिरकारी (दीर्घकालीन) शोथ होऊन बुद्धिभ्रंश, उन्माद आणि क्रमाने वाढत जाणारी स्नायूंची दुर्बलता ही लक्षणे ज्या विकारात आढळतात, त्याला सार्वदेहिक उन्मादी पक्षाघात म्हणतात. जंतुसंसर्गामुळे मानसिक विकार उद्‌भवू शकतो, हे निर्विवाद सिद्ध करणारे हे एक प्रारंभीचे उदाहरण असल्याने वैद्यकाच्या इतिहासात त्याला विशेष महत्त्व आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात यूरोपातील मनोरुग्णालयांत असे रुग्ण मोठ्या संख्येने असत. अतिमद्यपान, अतिश्रम, आनुवंशिकता किंवा दुराचरण ही या विकाराची कारणे समजली जात. मानसिक लक्षणे व पक्षाघात हे दोन स्वतंत्र विकार नसून मस्तिष्कावरणाच्या शोथातून निर्माण होणाऱ्या एकाच रोगाची ती अंगे आहेत, असे मत फ्रेंच वैद्य आंत्वान बेल यांनी १८२२ मध्ये मांडले. उपदंशाशी असलेला संबंध एस्मार्क व येसेन यांनी १८५७ मध्ये सुचविला. परंतु तो दीर्घकाळ वादग्रस्त राहिला. शाउडिन व होफमान यांनी १९०५ मध्ये उपदंशाचा सर्पिल जंतू (ट्रेपोनेमा पॅलिडम) शोधून काढला. १९१३ मध्ये नोगुची व मूर यांना या विकाराने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत तोच जंतू आढळला आणि वाद मिटला.

लक्षणे : मूळ संसर्गानंतर साधारणपणे दहा ते पंचवीस वर्षांनी विकार प्रकट होतो. चिडखोरपणा, विसराळूपणा व वागणुकीतील विसंगती यांनी त्याची सुरुवात होते. पुढे काही रुग्णांना आपण अतिश्रीमंत वा सर्वसत्ताधीश आहोत असे भ्रम होतात, तर काहींना विषण्णता येते. उच्चार अडखळतात, जीभ व हात कापतात, काहींना अपस्मारासारखे झटके येतात. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाने आकुंचन पावत नाहीत, परंतु जवळची वस्तू पाहताना पावतात. उपचारांअभावी रुग्ण अंथरुणाला खिळतो व काही वर्षांत दगावतो.

निदान : रक्त व मस्तिष्क-मेरुद्रव यांच्या परीक्षा आवश्यक असतात. केवळ मानसिक लक्षणांवरून हा विकार इतर मनोविकारांपासून ओळखणे कठीण असते. त्यामुळे प्रौढ वयात प्रथमच उद्‌भवलेल्या बुद्धिभ्रंशात वा उन्मादात उपदंशाची शक्यता विचारात घ्यावी लागते.

चिकित्सा : ऑस्ट्रियन मनोविकारतज्ञ यूलिउस व्हाग्नर-याउरेक यांनी १९१७ मध्ये रुग्णांना हिवतापाचा संसर्ग मुद्दाम घडवून, काही वेळा ताप येऊ दिल्यावर तो क्विनिनाने थांबविण्याची पद्धत योजिली. तिच्यामुळे अनेक रुग्ण सुधारले, तरी काही हिवतापानेच दगावले. या कार्याबद्दल त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९४३ मध्ये पेनिसिलिनाचा उपदंशावरील गुण दिसून आल्यानंतर ही पद्धत मागे पडली. आता पेनिसिलीन शिरेवाटे १० ते १४ दिवस देतात व त्यानंतर रुग्णाची वेळोवेळी तपासणी करतात.

औषधाने जंतू नष्ट होतात; मात्र नाश पावलेल्या मस्तिष्क-कोशिका पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून आरंभीच निदान झालेला रुग्ण पूर्ववत होऊ शकतो, तर विलंबाने आलेल्या रुग्णात विकाराची वाढ थांबविणे एवढेच बहुधा साध्य होते. उपदंशाच्या प्राथमिक अवस्थेतच पूर्ण उपचार करणे हा या विकाराचा खात्रीचा प्रतिबंध होय.