शिर्डीजवळ प्लॉट घेताय? आधी 'ओपन स्पेस' कुठे आहे ते विचारा

शिर्डी (ता. राहाता) : साईदर्शनाची गर्दी आणि २०१७ मध्ये काकडीला सुरू झालेलं विमानतळ, यामुळे आसपासच्या गावांत शेतात प्लॉट पडू लागले. एकर म्हणजे ४० गुंठे; पण एका एकरात गुंठ्याची ४० घरं बसत नाहीत.

कारण सोपं आहे. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या ले-आऊटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एकरामागे हे झाले चार गुंठे. रस्ते वेगळे. उरलेल्या जागेतच प्लॉट पडतात, म्हणून मंजूर प्लॉट महाग वाटतो.

सातबाऱ्यावर सामाईक नाव लावून विकलेला गुंठा स्वस्त पडतो, पण त्यात रस्ता आणि मैदानही विकलेलं असू शकतं. पुढे ॲम्ब्युलन्स दारात येत नाही, पोरांना खेळायला जागा राहत नाही. कागद नंतर नियमित झाला, तरी गेलेली जागा परत येत नाही.

इसार देण्याआधी मंजूर नकाशा आणि अकृषिक आदेश मागा. नकाशातली मोकळी जागा प्रत्यक्ष जाऊन पाहा. तिथं खुंट ठोकलेले दिसले, तर व्यवहार थांबवा.