बांधकामातील सीलंटचा घातक कचरा व त्याची सुरक्षित विल्हेवाट

प्रस्तावना : १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात भूकंपरोधक घरांची पुनर्बांधणी झाली. आज निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावीही सांधे व गळती बुजविण्यासाठी सीलंट वापरले जाते.

स्वरूप : पॉलियुरेथेन सीलंटमधील आयसोसायनेट श्वसनमार्गास अपायकारक असते. पूर्ण घट्ट झालेले सीलंट तुलनेने निरुपद्रवी असले, तरी ते जाळल्यास कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निर्माण होतात.

विल्हेवाट : २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूचीत रासायनिक चिकटद्रव्यांचे औद्योगिक अवशेष व घातक रसायनांनी दूषित रिकामे डबे समाविष्ट आहेत. असा कचरा ९० दिवसांपर्यंत साठवून अधिकृत केंद्राकडे पाठविणे अपेक्षित आहे.

निष्कर्ष : भूजलावर विसंबलेल्या या परिसरात डबे पुरणे वा जाळणे अहितकारक ठरेल. ठेकेदारांचे व कामगारांचे प्रबोधन महाविद्यालयांनी हाती घ्यावे.