कूपन कितीचं, गोळी कितीची

आमच्याकडे दर महिन्याला सासूबाईंच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या येतात. या गोळ्या सहसा बंद होत नाहीत, त्यामुळे इथे वाचलेला रुपया दर महिन्याला वाचतो. डोंबिवलीत कोपऱ्याकोपऱ्यावर मेडिकल आहे आणि बहुतेकांच्या पाटीवर सवलतीचा आकडा. साखळी दुकानात मोबाइल नंबर सांगितला की पॉइंट जमा होतात, अ‍ॅपवर कूपन वेगळंच. मी मात्र टक्का बघत नाही, एका गोळीची किंमत काढते.

समजा, १५ गोळ्यांची स्ट्रिप २०० रुपयांची आणि तिच्यावर २० टक्के सूट. गोळी साधारण १० रुपये ६७ पैशांना पडली. तेच औषध, तेवढ्याच पॉवरचं, दुसऱ्या कंपनीचं १० गोळ्यांना ९० रुपये आणि सूट फक्त ५ टक्के. तरी गोळी ८ रुपये ५५ पैशांनाच. सूट एमआरपीवर मिळते, आणि सरकारनं कमाल किंमत बांधलेली औषधं सोडली तर एमआरपी कंपनीच ठरवते.

कूपनाच्या अटी आधी वाचाव्यात. ठरावीक रकमेची खरेदी केली तरच सूट, असं असेल तर दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मागवाव्यात, पण डॉक्टर डोस बदलणार नसतील तरच. रक्कम भरावी म्हणून प्रोटीन पावडर घेतली की बचत तिथेच संपते. पॉइंटची मुदत असते. ते शाम्पू-टूथपेस्टला वापरून टाकावेत.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी घासाघीस करताना मी हात आखडता घेते. किंमत नियंत्रणातल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो. त्यातून १० टक्के सोडले तर त्याच्या हातात किती उरतं? औषधविक्रेत्यांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष जगन्नाथ शिंदे आपल्या कल्याणचेच. ऑनलाइन विक्रीविरुद्ध या संघटनेनं २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशभर बंद पाळला होता. अडीअडचणीला पाच गोळ्या कापून देणारं दुकान टिकायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खरी मोठी बचत जेनेरिकमध्ये आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी योजनेतली औषधं नामांकित ब्रँडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त असतात. ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही कळतं. ठाण्याच्या अर्जुन देशपांडे या तरुणानं उभ्या केलेल्या ‘जेनेरिक आधार’मध्ये २०२० साली रतन टाटांनी गुंतवणूक केली, तेव्हा आमच्या भागात या औषधांबद्दल बरंच बोललं गेलं.

चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर दुकानदारानं स्वतःहून दुसरं औषध द्यायचं नसतं. म्हणून तपासणीच्या वेळीच म्हणावं, ‘डॉक्टर, औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का?’ थायरॉइड किंवा फिट्सच्या गोळ्यांची कंपनी त्यांना विचारल्याशिवाय बदलू नये. आणि बिल घ्यावंच. त्यावर बॅच नंबर व मुदतीची तारीख असते, ती स्ट्रिपशी ताडून पाहता येते.

घरात मुली असतील तर जनऔषधी केंद्रातून येताना ‘सुविधा’ सॅनिटरी पॅडही घ्या. २०१९ पासून ते एक रुपयाला एक मिळतात, तेही कुठल्याच कूपनाशिवाय.