सांस्कृतिक शिक्षण संस्थेचे विश्वस्त होताना : सही करण्याआधी हे वाचा



आपल्या गावात किंवा वॉर्डात गाणे, तबला, नाट्य, चित्रकला शिकवणारी एखादी जुनी संस्था असते. तिथले कोणी ज्येष्ठ तुम्हाला म्हणतात, "सर, तुमचं नाव विश्वस्त मंडळात घालतोय. काही करायचं नाही, वर्षातून दोन सह्या." शिक्षकाच्या नावाला गावात वजन असते आणि पालकाला संस्थेबद्दल आपुलकी असते, म्हणून आपण लगेच होकार देतो. पण "काही करायचं नाही" हे खरे नाही. विश्वस्ताने नेमके काय करायचे असते, ते या लेखात समजून घेऊ.

विश्वस्त म्हणजे कोण?

विश्वस्त हा संस्थेचा मालक नसतो, आणि नुसता मानाचा पाहुणाही नसतो. देणगीदाराने मुलांच्या शिक्षणासाठी दिलेले पैसे, जागा, वाद्ये, पुस्तके हे सगळे मुलांसाठी सांभाळणारा तो माणूस. वस्तू ताब्यात आपल्या, पण त्यांचा फायदा दुसऱ्याचा, हे या पदाचे सार आहे.

महाराष्ट्रात अशा संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो आणि त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. आपल्याकडच्या बऱ्याच संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि शिवाय सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या असतात. तिथे 'विश्वस्त' हा शब्द कोणी वापरतही नाही. अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार, सदस्य असेच म्हणतात. तरी कायद्याच्या नजरेत कारभार पाहणारे कार्यकारी मंडळ हेच विश्वस्त असते. "मी नुसता सदस्य आहे, मला काय माहीत?" हे उत्तर तिथे चालत नाही.

एक जुने उदाहरण

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. संगीताचे हे विद्यालय कोणा राजाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालले. १९०८ मध्ये ते मुंबईत आले. मुंबईत विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली, पण ती कर्ज काढून. पुढे त्या कर्जापायी इमारत लिलावात गेली.

पंडितजींच्या निष्ठेबद्दल किंवा विद्वत्तेबद्दल कोणाला शंका नाही. पण सगळा भार एकट्या माणसाच्या खांद्यावर असला, की त्याची उमेद हीच संस्थेची ताकद आणि त्याचे कर्ज हेच संस्थेचे संकट होऊन बसते. १९३१ मध्ये पंडितजी गेले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज आपली मुले प्रवेशिका, मध्यमा, विशारदच्या परीक्षांना बसतात, त्या या मंडळाच्या. इमारत गेली तरी शिक्षण टिकले, कारण काम एका व्यक्तीकडून मंडळाकडे आले. चांगले विश्वस्त मंडळ हवे ते यासाठीच.

पैसा : पावती, हिशेब, हेतू

पैशाच्या बाबतीत विश्वस्ताने तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली, येणाऱ्या प्रत्येक रुपयाची पावती फाटली पाहिजे. वर्गाची फी, परीक्षेची फी, कार्यक्रमाची तिकिटे, देणगी, सगळे संस्थेच्याच खात्यात जमा व्हावे. कार्यवाहांचे वैयक्तिक खाते "तात्पुरते" वापरणे ही वाईट सवय आहे, मग माणूस कितीही सज्जन असो. ८०-जी ची सवलत असलेल्या संस्थेने देणगीदाराला हेही सांगावे, की दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही.

दुसरी, हिशेबाचे दरवर्षी लेखापरीक्षण होऊन अहवाल धर्मादाय कार्यालयात गेला पाहिजे. ताळेबंदावर सही करण्याआधी तो वाचा. समजला नाही तर विचारा. आपण वर्गात मुलांना "न समजता मान हलवू नका" असे सांगतो, तोच नियम इथे आपल्याला.

तिसरी, पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामी लागावा. समजा, एका आजोबांनी गरजू मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी लाख रुपये दिले. त्यातून सभागृहाचा पंखा घेणे चोरी नाही, पण विश्वासभंग नक्की आहे. ज्या मुलीची फी त्या व्याजातून भरली जायची होती, ती मुलगी वर्ग सोडून जाते आणि ताळेबंदात त्याची नोंद कुठेच नसते. लगेच न लागणारी रक्कमही कायद्याने मान्य केलेल्या बँकेत किंवा सरकारी रोख्यांतच ठेवायची असते. ओळखीच्या व्यापाऱ्याकडे जास्त व्याजाने नाही.

जागा, वाद्ये आणि कर्ज

सांस्कृतिक संस्थांची खरी संपत्ती बहुधा जागा असते. शहराच्या मध्यवस्तीतला जुना हॉल, त्याच्यावर अनेकांचे डोळे असतात. म्हणून कायद्याने इथे कुंपण घातले आहे. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, बदलून घ्यायची किंवा बक्षीस द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असली तरी लागते. संस्थेसाठी कर्ज काढायलाही पूर्वपरवानगी लागते. पलुसकरांचे उदाहरण आठवले, की ही अट जाचक वाटत नाही.

वाद्यांचेही तसेच. शाळेत आपण जडवस्तू संग्रह नोंदवही ठेवतो. तशी इथेही हवी : तंबोरे किती, पेट्या किती, कोणते वाद्य कोणाच्या घरी सरावाला आहे. जुन्या मैफलींच्या टेप, नाटकांची हस्तलिखिते, फोटो यांचीही यादी करा. हा ठेवा एकदा रद्दीत गेला की पैसे देऊनही परत येत नाही.

मुलांची सुरक्षितता

हा सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि सभेत सर्वांत कमी बोलला जाणारा. कलेच्या शिक्षणात गुरू आणि शिष्य यांचे नाते जवळचे असते. शिकवणी एकट्याची असते, तालमी रात्रीपर्यंत चालतात, स्पर्धेसाठी परगावी मुक्काम होतो. म्हणूनच नियम लेखी हवेत. वर्ग चालू असताना दार उघडे किंवा काचेचे असावे. मुक्कामाला पालक किंवा महिला शिक्षिका सोबत असाव्यात. तक्रार कोणाकडे करायची, ते भिंतीवर लिहिलेले असावे.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "आधी आपसात चौकशी करू, संस्थेचे नाव खराब होईल" असे म्हणून प्रकरण दाबणे हा स्वतःच गुन्हा आहे. संस्थेचे नाव मुलापेक्षा मोठे नाही, हे सभेत ठणकावून सांगणारा एक तरी विश्वस्त हवा. तो तुम्ही असा.

शिकवणे कोणाचे काम?

कोणता राग आधी शिकवायचा, कोणते नाटक बसवायचे, हे गुरुजींनी ठरवायचे. विश्वस्तांनी बघायचे ते वेगळे : शिक्षकांना मानधन वेळेवर मिळते का? फी परवडत नाही म्हणून कोणते मूल बाहेर राहते का? वर्षभराचा वेळ फक्त स्नेहसंमेलनाच्या तयारीत जातो का? देणगीदाराच्या नातवालाच दरवेळी मुख्य भूमिका मिळते का? हे प्रश्न नम्रपणे, पण सभेतच विचारावेत, कट्ट्यावर नव्हे.

स्वतःच्या नातेवाइकाचा मंडप, छपाई किंवा साउंड सिस्टीम संस्थेला भाड्याने द्यायची असेल, तर विश्वस्ताने ते आधी उघडपणे सांगावे आणि त्या ठरावाच्या वेळी बाजूला बसावे. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना गैरवाजवी फायदा झाला, तर संस्थेची आयकराची सवलतही धोक्यात येते.

इतिवृत्तात नाव, नोंदवहीत नाव

सभेला जा. गणपूर्ती झाली का, बघा. ठराव पटला नाही तर विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगा. "नंतर लिहू" म्हणून ठेवलेल्या कोऱ्या पानावर किंवा कोऱ्या धनादेशावर कधीही सही करू नका. घोर निष्काळजीपणा किंवा विश्वासभंग यामुळे संस्थेचे नुकसान झाल्याचे ठरले, तर ती रक्कम संबंधित विश्वस्ताकडून वसूल होऊ शकते.

विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात, तो धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. पद सोडतानाही हे लक्षात ठेवा. राजीनामा कार्यवाहांच्या हातात देऊन घरी आलात आणि अर्ज गेलाच नाही, तर सरकारी नोंदवहीत तुमचे नाव तसेच राहते. राजीनाम्याची पोच घ्या आणि अर्जाचे काय झाले ते विचारत राहा.

'हो' म्हणण्याआधी मागा

१. संस्थेची घटना किंवा न्यासपत्र.
२. परिशिष्ट एकचा ताजा उतारा. त्यावर विश्वस्त आणि मालमत्ता यांची नोंद असते.
३. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल.
४. मागच्या वर्षाचे इतिवृत्त.
५. चालू कोर्टकज्जे आणि कर्जे यांची माहिती.
६. शासकीय किंवा जिल्हा परिषद सेवेत असाल, तर खात्याची परवानगी लागते का, हे लेखी विचारा.

कागद मागितल्यावर कोणी "एवढा पण विश्वास नाही का?" असे म्हणाले, तर शांतपणे सांगा, "विश्वास आहे, म्हणूनच नीट बघून येतोय." कागद मिळाले नाहीत तर नकार द्या. मिळाले आणि वेळ देता येणार असेल, तर मात्र जरूर हो म्हणा. शिक्षकांना हजेरी, नोंदी, पावत्या यांची सवय असते आणि पालकांना मुलांची काळजी असते. या संस्थांना नेमकी अशीच माणसे हवी आहेत.